चाळीस एल्बोरेक्स आणि नदीपलीकडचा साडू

…तर तो भात्याचा कॅमेरा एकार्टने उचलला आणि सरळ समोरच्या माणसाच्या हातात ठेवला. साधासुधा नव्हे हं. नव्वद वर्षांचा जुना, चामड्याच्या भात्याला अजून एक भोक नाही, आणि उघडला की भिंग रुळावरून असं अलगद पुढे यायचं की बघणाऱ्याने श्वास रोखावा. ड्रेस्डेनच्या त्या हॉलमध्ये जुन्या कॅमेऱ्यांच्या अदलाबदलीला दोनशे टेबलं मांडलेली होती. त्यातल्या निम्म्या टेबलांवरच्या माना उंच झाल्या. आणि एवढा दागिना देऊन एकार्टने बदल्यात घेतलं काय? एल्बोरेक्स!

एल्बोरेक्स म्हणजे त्या मुलखातला साधा कॅमेरा, किटलीइतकी घरोघरची वस्तू. जुन्या कम्युनिस्ट राजवटीत ज्याच्या घरी पाळणा हलला त्याच्या घरी एल्बोरेक्स आला. दिसायला साबणाच्या वडीसारखा, वजनाला विटेसारखा. आज कुणी फुकट दिला तर लोक तो वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला टेकण म्हणून लावतात.

एकार्टची बायको रोसविता शेजारीच बसली होती, मांडीवर कॉफीचा थर्मास.

"एकार्ट, आपल्या घरी असले किती आहेत?"

"पंचवीस."

"आणि हा?"

"सव्विसावा."

"आणि तो भात्याचा? तो किती होता?"

"एकच होता," एकार्ट म्हणाला, आणि एल्बोरेक्स उलटा करून त्याच्या बुडावरचा नंबर दुसऱ्यांदा वाचायला लागला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू हरवलेली गाय दावणीला परत आली.

रोसविताने थर्मासचं झाकण उघडलं, कॉफी ओतली आणि स्वतःच पिऊन टाकली. रागावली की ती नवऱ्याला कॉफी देत नसे. पन्नास वर्षांत एकार्टची किती कॉफी अशी बुडाली असेल याचा हिशेब नाही.

आता लोकांना वाटायचं की हा म्हातारा खुळा आहे. रोसविताला मात्र कारण ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही तिचा संताप कमी होत नव्हता, उलट वाढत होता. कारण ते कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने तिच्याकडून शपथ घेतली होती.

गोष्ट अशी. एकार्ट त्सीगर एल्बे नदीकाठच्या एका खेड्यातला. बाप लाकडाच्या गिरणीत. हा सोळाव्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या कॅमेऱ्यांच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. हात असा हलका की मुकादम नव्या पोरांना म्हणायचा, "त्सीगरकडे बघा. हा स्क्रू पिळत नाही, समजावतो." एकोणीसशे शहात्तर साली नोव्हेंबरअखेर महिन्याचा कोटा पुरा व्हायचा होता, आणि शटरची स्प्रिंग बसवणारी बाई तापाने आडवी. मुकादमाने एकार्टला एका पाळीपुरतं तिच्या टेबलावर बसवलं. स्प्रिंगचा आकडा अडकवायला तीन भोकं होती. अडकवायचा तिसऱ्यात. एकार्टने अडकवला दुसऱ्यात. एक नाही, दोन नाही, चाळीस कॅमेऱ्यांत, आणि प्रत्येक वेळी तितक्याच काळजीने, तितक्याच प्रेमाने.

त्याने काय झालं? म्हटलं तर काहीच नाही. शटर जितका वेळ उघडं राहायचं त्याच्या दीडपट राहायला लागलं. सेकंदाचा साठावा भाग म्हणून चकती फिरवावी, तर प्रत्यक्षात चाळिसावा भाग. आत थोडा उजेड जास्त. फोटो थोडा फिका. कोण बघतो? पण सोळा दिवसांनी एकार्ट पुन्हा त्या टेबलाशी काही कामाने गेला, भिंतीवरची स्प्रिंगची आकृती त्याने पहिल्यांदा नीट पाहिली, आणि त्याला उभ्या जागी घाम फुटला. तसाच मुकादमाकडे गेला.

मुकादम म्हणाला, "त्सीगर, कोटा पुरा झाला?"

"झाला."

"माल गेला?"

"गेला."

"मग तुझं तोंड का उघडं आहे?"

तोंड मिटलं. पण कारखान्याच्या नोंदवहीतून त्या पाळीचे चाळीस नंबर त्याने स्वतःच्या वहीत उतरवून घेतले. आणि त्या चाळिसातला एक नग कुठे गेला होता ते शोधायची गरजच नव्हती. कारखान्याच्या कामगारांसाठी विक्री व्हायची त्या खिडकीवरून एकार्टनेच तो विकत घेतला होता, आणि मेहुणीच्या लग्नात भेट दिला होता. रोसविताची धाकटी बहीण गुडरून, तिचा नवरा वोल्फ्राम. एकार्टला चूक कळली त्या दिवशी त्यांचं लग्न होऊन पाच दिवस झाले होते, आणि नवरानवरी तो कॅमेरा गळ्यात अडकवून बर्फात हिंडायला गेली होती.

पुढे राजवट गेली, कारखाना गेला, एकार्ट इस्पितळात किल्ल्या आणि बॉयलर सांभाळायला लागला. एकदा नदीकाठच्या जुन्या बाजारात एल्बोरेक्सचा ढीग दिसला, पावातल्या सॉसेजच्या भावात एकेक. सवयीने त्याने एक उलटा केला. नंबर वहीतला! घरी आणला, वीस मिनिटांत आकडा दुसऱ्या भोकातून काढून तिसऱ्यात घातला. त्या दिवशी, रोसविता सांगते, तो जेवताना गुणगुणत होता. तिने विचारलं, काय झालं, आणि त्याने सगळं सांगितलं. शपथ तेव्हाची.

तिला वाटलं, बरं झालं, एक सुटला. तिला काय कल्पना, की ही सुरुवात आहे!

तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या हातची चूक जगभरातून विकत घेऊन घरी आणतो आहे. एक बुडापेस्टहून आला. एक अलेक्झांड्रियाहून, त्यात इतकी वाळू की रोसविताने मांजराच्या खोक्यात ओतली. एक फिनलंडच्या एका बोटीवरच्या कप्तानाकडून. आणि बाकीचे? मागच्या खोलीत काचेच्या कपाटांत तीनशेच्या वर कॅमेरे आहेत, पेटीचे, भात्याचे, दोन डोळ्यांचे, बायकांच्या पर्समध्ये मावणारे. बघायला येणाऱ्याला वाटतं काय हा संग्रह! एकार्टला त्यातल्या एकाचंही कौतुक नाही. ते सगळे चलनी नाणं. हे द्यायचे आणि एल्बोरेक्स आणायचे.

आणि घराची दशा विचारू नका. सकाळी उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात रोसविताला तीन स्क्रू आणि एक स्प्रिंग मिळाली आहे. तिचा नखांचा रंग पुसायचा द्राव दर महिन्याला संपतो, आणि तिने गेल्या वीस वर्षांत नखं रंगवलेली नाहीत. फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी फिल्मची रिळं. कुणी नवे बूट घेतले की आधी बुटांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी एकार्टच्या हवाली करायची, मग बूट. एकदा पिवळं पडलेलं भिंग स्वच्छ व्हावं म्हणून त्याने खिडकीत उन्हाला ठेवलं. भिंग स्वच्छ झालं. पडदा जळाला. रोसविता घागर घेऊन धावली तर हा ओरडतोय, "भिंगावर पाणी नको!"

आणि रविवार! शटर पडून राहिलं तर आतलं तेल गोठतं, म्हणून दर रविवारी जेवण झालं की तीनशेच्या तीनशे कॅमेऱ्यांची कळ दाबायची. टक्. चाक फिरव. टक्. चाक फिरव. रविवार म्हणजे त्या देशात पान पडलं तरी शेजारी खिडकी उघडून बघतात. खालच्या मजल्यावरची फ्राऊ हेम्पेल छताला झाडूचा दांडा मारते. एकदा जिन्यात तिने रोसविताला गाठलं.

"फ्राऊ त्सीगर, तुमचे मिस्टर रविवारी अक्रोड फोडतात का हो?"

"अक्रोड असते तर खाऊन संपले असते, फ्राऊ हेम्पेल."

"मग काय आहे ते?"

"व्यायाम," रोसविता म्हणाली आणि वर निघून गेली. दुसरं सांगणार काय?

तर आता मूळ गोष्ट. चाळिसांपैकी सव्वीस घरी आले. तेरांचा पत्ता नाही. आणि एकाचा पत्ता पक्का ठाऊक, नदीपलीकडे, रोसविताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ज्याच्या छपराचं धुराडं दिसतं त्या घरात. वोल्फ्रामचा कॅमेरा. इजिप्तमधला कॅमेरा घरी आला, पण एकार्टला ती दहा मिनिटांची नदी ओलांडता आली नाही. "लग्नाची भेट," तो म्हणायचा. "बिघडलेली दिली म्हणून कसं सांगू?"

दर नाताळाला सगळे एकत्र जमत. वोल्फ्राम, पिंपासारखा माणूस, लाल गालांचा, जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला, जेवण झालं की तो कॅमेरा काढायचा. "चला, सगळे झाडाजवळ!" आणि दरवर्षी एकार्ट फोटोत असा दिसायचा जणू त्याची दाढ दुखते आहे. पुढच्या वर्षी त्या स्लाइड पडद्यावर लावल्या की सगळे म्हणत, "एकार्टचं तोंड बघा!" आणि हा अंधारात अंग चोरून बसायचा.

"अरे सांगून टाक ना एकदा," रोसविता परतताना होडीत म्हणायची. "हसतील आणि विसरतील."

"पुढच्या वर्षी."

अशी तीस पुढची वर्षं झाली. गेल्या नाताळात मात्र त्याने धीर केला. सगळ्यांसमोर, तोंडात घास असताना.

"वोल्फ्राम, तो कॅमेरा माझ्याकडे दे ना एकदा. जरा तेलपाणी करून देतो. फुकट."

वोल्फ्रामने काटा खाली ठेवला. "का? काय झालंय त्याला?"

"काही नाही."

"मग?"

"काही नाही म्हटलं ना!" आणि एकार्ट कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. या माणसाला खोटं बोलता येत नाही आणि खरं बोलवत नाही. असल्या नवऱ्याबरोबर संसार करून बघावा एकदा कुणी!

कॅमेरा मिळाला नाही. विषय तिथेच राहिला. आणि मग मध्ये आला हेर क्नोशे. हेर म्हणजे गुप्तहेर नव्हे हं, तिकडचं श्रीयुत.

हेर क्नोशे खेम्निट्सचा, निवृत्त भूगोलमास्तर, कॅमेरे जमवणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांत विद्वान. ड्रेस्डेनच्या हॉलमध्ये त्याचं टेबल शेजारीच असायचं. त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं, की हा त्सीगर प्रत्येक एल्बोरेक्स उलटा करतो, नंबर वाचतो, परत ठेवतो. आणि त्या दिवशी भात्याच्या कॅमेऱ्याची ती अदलाबदल त्याच्या डोळ्यांदेखत झाली.

"हेर त्सीगर," तो जवळ येऊन म्हणाला, "त्या नंबरात आहे तरी काय?"

"काही नाही," एकार्ट म्हणाला, आणि पुन्हा कानाच्या पाळीपर्यंत लाल.

बास. विद्वान माणसाला एवढं पुरतं. त्सीगर कुठले नंबर उचलतो ते क्नोशेने वर्षानुवर्षं टिपून ठेवलं होतं. त्याने कुठून तरी त्याच नंबरांतला एक एल्बोरेक्स पैदा केला, यंत्रावर शटर मोजलं, ते मंद निघालं. आणि मंडळाच्या त्रैमासिकात तीन पानी लेख आला, तक्त्यांसकट. काय तर म्हणे, हे चाळीसेक कॅमेरे डोंगरातल्या सीमेवरच्या पहारेकऱ्यांसाठी खास बनवले होते, जंगलातल्या कमी उजेडासाठी शटर मुद्दाम मंद ठेवलेलं. अतिशय दुर्मीळ. आणि शेवटी ठळक अक्षरांत: कुण्या अडाण्याने ज्यांचं शटर नंतर 'सुधारलं' असेल, त्या कॅमेऱ्यांना इतिहासाच्या दृष्टीने काही किंमत उरलेली नाही.

रोसविताने तो लेख उभ्याउभ्या वाचला. मग मागच्या खोलीकडे बघितलं. तिथे सव्वीस कॅमेरे ओळीने बसले होते, सगळे सुधारलेले.

"एकार्ट," ती म्हणाली, "हे वाचलंस?"

"वाचलं." त्याचे डोळे चमकत होते. "रोसविता, त्याच्याकडे नंबराच्या शेवटी एकोणतीस असलेला आहे! त्याने नंबर छापलाय! तो पंधरा वर्षं शोधतोय मी!"

तिला वाटलं, आता त्या अंकाची गुंडाळी करावी आणि दोन द्याव्यात. "अरे त्या माणसाने तुझ्या चुकीचा इतिहास केला! एक पत्र लिही, चूक होती म्हणून सांग, विषय मिटव."

"लिहिलं तर नाव छापतील."

"मग छापू देत!"

"कारखान्यातले अजून सात-आठ जण जिवंत आहेत," एकार्ट म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने तेवढ्याने सगळं स्पष्ट झालं.

आठवड्याभरात गावच्या वर्तमानपत्राने तो लेख आटोपशीर करून छापला, वर मथळा, 'तुमच्या माळ्यावर खजिना आहे का?' खाली नंबर. वोल्फ्राम सकाळी पाव-लोणी खाता खाता पेपर वाचतो. त्याने हात पुसले, उठला, कॅमेरा आणला, उलटा केला. अठ्ठेचाळीस हजार दोनशे तेहतीस.

दहा वाजता फोन वाजला. रोसविताने उचलला. गुडरून होती.

"रोसी, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तेलपाणी कर म्हणे! फुकट म्हणे!"

"गुडरून, ऐक तरी —"

"मी अठ्ठेचाळीस वर्षं ऐकलं! आमच्याकडची दुर्मीळ वस्तू गोड बोलून काढून घ्यायला निघाला होता! आणि भेट दिली तेव्हा माहीत नव्हतं का त्याला? का चुकून दिली? शनिवारच्या तुमच्या समारंभाला दुसरं कुणी शोधा आमच्या खुर्च्यांवर बसायला."

फोन आपटला.

समारंभ म्हणजे रोसविता-एकार्टच्या लग्नाची पन्नास वर्षं. नदीकाठच्या बागेतलं हॉटेल ठरलं होतं, चोवीस खुर्च्या, मटणाचा रोस्ट आणि लाल कोबी. पण रोसविताला चोवीस खुर्च्यांचं काही नव्हतं. आईबाप कधीच गेले. भाऊ नाही. लग्नात तिच्या मागे हातात फुलं धरून उभी होती ती गुडरून, आणि त्या दिवसाचं साक्षीदार म्हणावं असं रक्ताचं माणूस आता तेवढंच एक उरलं होतं. गुडरून नसेल तर तो पन्नासावा वाढदिवस नाही, नुसतं जेवण.

तिने तीन दिवस वाट पाहिली, की एकार्ट जाऊन बोलेल. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "राग निवू दे." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "पाऊस आहे." तिसऱ्या दिवशी ती त्याच्या खोलीत गेली तर हा क्नोशेला पत्र लिहीत होता. तिला वाटलं, सुटलो! वाकून बघते तर, 'आदरणीय हेर क्नोशे, आपल्याकडील एकोणतीस क्रमांकाच्या बदल्यात मी आपणास पुढील चौदा कॅमेऱ्यांपैकी कोणतेही तीन…'

रोसविताने पत्र पुरतं वाचलंही नाही. स्वयंपाकघरात गेली, सकाळी केलेला दह्या-अंड्याचा केक, जो खरं तर रविवारसाठी होता, कापडात बांधला, कोट घातला आणि घाटावर जाऊन होडीत बसली. शपथ तीस वर्षं सांभाळली होती. नदीच्या मधोमध आल्यावर ती मोडायची असं तिने ठरवलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

गुडरूनने दार उघडलं. आत ये म्हणाली नाही, दार लावलंही नाही. रोसविता तिच्या बाजूने आत शिरली आणि केक टेबलावर ठेवला. वोल्फ्राम पेपर घेऊन बसलेला. कॅमेरा कुठे दिसत नव्हता, पण पावाच्या डब्याला छोटं कुलूप घातलं होतं.

"वोल्फ्राम, पावाला कुलूप?"

"सध्या दिवस वाईट आहेत," वोल्फ्राम म्हणाला.

रोसविता कोट न काढताच बसली. "ऐका दोघं. मध्ये बोलायचं नाही. तो कॅमेरा दुर्मीळ नाही, तो बिघडलेला आहे. पहिल्या दिवसापासून. आणि बिघडवला एकार्टने." आणि तिने सगळं सांगितलं. तापाने पडलेली बाई, तीन भोकं, मुकादम, वही, वाळू, पडदा, अंड्याचा कप. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. "तीस वर्षं मी तोंड शिवून बसले! माझ्या घरात तीनशे कॅमेरे आहेत आणि माझा स्वतःचा एक धड फोटो नाही! आणि आता तुम्ही म्हणता तो चोर. अरे चोर असता तर बरं झालं असतं! चोराला निदान अक्कल असते!"

गुडरून उभीच होती. ती हळूच खाली बसली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. वोल्फ्राम पेपरची घडी घालत होता. लहान, आणखी लहान.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"फिका काढतो म्हणून. बर्फातल्या पहिल्या स्लाइड आल्या तेव्हाच. गुडरून म्हणजे नुसती टोपी आणि दोन डोळे, बाकी सगळं पांढरं. दुसऱ्या वेळी मी भिंगाची कडी एक घर पुढे फिरवली, म्हणजे आत उजेड निम्मा. आल्या बरोब्बर. तेव्हापासून एक घर पुढे."

"आणि बोलला नाहीस?" रोसविता ओरडली.

"रोसी, लग्नाची भेट होती. त्याने स्वतःच्या कारखान्यातली आणलेली. त्याला काय सांगायचं, तुझा कॅमेरा वाईट आहे म्हणून? भेटीला कुणी नावं ठेवतं का?"

"मला पण सांगितलं नाहीस!" हे गुडरूनचं. "मी अठ्ठेचाळीस वर्षं समजत होते त्या बर्फात मला फोटोत नीट उभं राहता आलं नाही! मी त्या स्लाइड लपवून ठेवल्यात!"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारायला हवं होतं?"

आता गुडरूनचा सगळा राग नदीपलीकडून उठला आणि अलीकडे, स्वतःच्या नवऱ्यावर येऊन बसला. रोसविताने मनात म्हटलं, आपली बहीणच ती. दोघींना एकाच साच्यातले नवरे कसे मिळाले, हा प्रश्न तिला त्या क्षणी प्रथम पडला. दोघी बहिणींनी मिळून वोल्फ्रामला असं सोलून काढलं की शेवटी त्याने हात वर केले, किल्ली काढली, पावाच्या डब्यातून कॅमेरा बाहेर आणला आणि केकच्या शेजारी ठेवला.

"ठीक आहे. येतो शनिवारी," तो म्हणाला. "पण ऐक रोसी. हा घेऊन येणार. सगळे फोटो मी काढणार, याच्यातूनच. आणि तुझ्या नवऱ्याने याला हात लावायचा नाही. शनिवारी नाही आणि त्यानंतरही नाही. हा खोड्या करतो, मी सांभाळून घेतो, आमचं अठ्ठेचाळीस वर्षं बरं चाललंय. आता या वयात त्याला कुणी शहाणं करायला नको. कबूल असेल तर दोन खुर्च्या ठेवा. नसेल तर काढा."

रोसविता परत होडीत बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की केक कापायचा राहूनच गेला. दोघा साडूंनी मिळून अर्धं शतक वाया घालवलं आणि केकही राहिला. तिला हसू येईल असं वाटत होतं, पण वाटली ती धास्ती. कारण कबूल करायचं होतं ते एकार्टने, आणि तिला आपला नवरा माहीत होता. जगातले बारा बेपत्ता आहेत हे तो सहन करतो, कारण ते दिसत नाहीत. हा तर रोज दिसणार. धुराड्याखाली, पलीकडे, दुसऱ्या भोकात आकडा अडकलेला. सव्वीस कॅमेऱ्यांसाठी त्याने भाते दिले, पर्समधले कॅमेरे दिले, आणि हा एक त्याला कायमचा सोडून द्यायला सांगायचं होतं.

एकार्ट मागच्या खोलीत बसला होता, डोळ्याला भिंग लावून. तिने दारातच उभं राहून सांगितलं. कोट काढला नाही.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"सांगितलं. शपथ मोडली. मला काय शिक्षा करायची ती कर."

डोळ्यावरचं भिंग काढून त्याने फडक्याने पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं.

"त्याला पहिल्यापासून माहीत होतं?"

"पहिल्या बर्फापासून."

"आणि भेट म्हणून बोलला नाही."

"नाही."

एकार्टने मान हलवली, आणि रोसविताला क्षणभर वाटलं की याचे डोळे भरतायत. मग त्याने विचारलं, "कडी एक घर पुढे म्हणाला? की शटरची चकती?"

"एकार्ट!"

"भिंगाची कडी? नक्की?"

"मी तुला काय विचारते आहे आणि तू काय विचारतोस! माझी बहीण शनिवारी माझ्या शेजारी बसणार की नाही, एवढंच मला आज कळलं पाहिजे. तो कॅमेरा टेबलावर असेल, तुझ्या हाताच्या अंतरावर, दिवसभर, आणि तू त्याला शिवायचं नाहीस. त्या दिवशीही नाही, पुढेही कधी नाही, जन्मभर. तो चुकीचाच राहणार. चालेल तुला? बोल. मी आत्ता गुडरूनला फोन लावते आहे. येऊ देत म्हणू, की दोन खुर्च्या काढायला सांगू?"

ती खरंच फोनपाशी गेली, नंबर फिरवला, आणि रिसीव्हर हातात धरून त्याच्याकडे बघत उभी राहिली. पलीकडे घंटी वाजत होती. एकार्टने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले, आणि म्हणाला:

"येऊ देत. खुर्च्या राहू देत, आणि मी त्याला बोटसुद्धा लावणार नाही, हवं तर हातांवर बसून जेवतो. पण वोल्फ्रामला एवढं सांग, की कडी पूर्ण एक घर नको, अर्धंच पुरे. अठ्ठेचाळीस वर्षं दर नाताळाच्या स्लाइडमध्ये आपण सगळे कोळशाच्या खाणीतून वर आल्यासारखे दिसतोय, आणि ती अर्ध्या घराची चूक माझी नाही, त्याची आहे."